बाई, तो आवाज मी ऐकला होता

बाई, ज्या गोधडीवर तुम्ही बसायचात तिच्यावर आता लोक फुलं ठेवून जातात. विहारातल्या बाया येतात, कापसाच्या खोलीच्या दाराशी चपला काढतात, हात जोडतात आणि म्हणतात, "बसल्या बसल्या गेली शेवंताबाई. ध्यानातच गेली. असं मरन कोनाले भेटते?" मग माझ्याकडे वळतात. "तू तं बाजूलेच होती ना, छाया? नशीबवान आहेस बाप्पा." मी मान हलवते आणि चहा ठेवायच्या निमित्ताने आत पळते. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. सौंसरच्या ह्या घरात मी सगळीकडे फिरते, पण त्या खोलीत एकटीने पाऊल ठेवलेलं नाही.

त्यांना जे माहीत नाही ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला ते माहीतही असेल, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. त्या सकाळी तुमच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी ऐकला होता. ऐकूनही डोळे उघडले नाहीत. त्याच्या थोडं आधी नागपूरच्या गाडीने मोडावर हॉर्न दिला होता, म्हणून वेळ पक्की माहीत आहे. आपला ध्यानाचा तास संपायला वीस मिनिटं बाकी होती, आणि ती वीस मिनिटं मी तुमच्यापासून हातभर अंतरावर ताठ बसून काढली. पंधरा असतील, सतरा असतील, असं मनाला सांगून पाहिलं. वीसच होती.

आपण सख्ख्या जावा. मी लोधीखेड्याहून लग्न होऊन आले तेव्हा तुमची प्रज्ञा चार वर्षांची होती आणि तुमच्या रागाला अख्खी गल्ली भ्यायची. मी तर आल्या दिवसापासून भ्यायले. मीठ जास्त पडलं म्हणून तुम्ही एकदा भाजीचा अख्खा गंज अंगणात ओतला होतात आणि माझ्याकडे बघून म्हणाला होतात, "घे, आता शाळेत शिकव हे." तुमचे हे, माझे भासरे, गेल्यावर रामाकोन्याच्या वाटेवरचं शेत तुम्ही एकटीने सांभाळलंत. कापूस, थोडी संत्र्याची झाडं, वेचणीच्या बाया, सगळ्यांशी भांडून, सगळ्यांना सोबत ठेवून. माझं उलट होतं. मला कुत्र्याची भीती, विजेची भीती, गॅसच्या नळीची भीती, हेडमास्तरांच्या बोलावण्याची भीती. तुम्ही म्हणायचात, "तुले तं चटका बसाच्या आंधीच फोड येते." खरंच होतं ते. तरी राग यायचा.

मग तुमचं बीपी वाढलं आणि प्रज्ञाने तुम्हाला दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिरात पाठवलं. ती पांढुर्ण्याला दवाखान्यात नर्स, तिच्यापुढे तुमचं चालायचं नाही. दहा दिवस बोलायचं नाही, असा तिथला नियम ऐकून आमचे हे तर हसून हसून लोटपोट झाले. तिसऱ्या दिवशी तुम्ही परत येणार याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. तुम्ही आलात अकराव्या दिवशी. पिशवी ठेवलीत आणि हळू आवाजात पाणी मागितलंत. मला वाटलं, बिमार होऊन आल्या.

दुसऱ्या दिवशीची नळावरची गोष्ट मी अजून शाळेत सांगते. मधेच घुसून कोणीतरी तुमची बादली सरकवली. सगळ्या बाया दोन पावलं मागे झाल्या, आता होणार म्हणून. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात, तोंड मिटलंत, आणि थोड्या वेळाने आपली बादली उचलून पुन्हा रांगेत लागलात. घरी आल्यावर मी विचारलं, काय झालं? तुम्ही लहान पोरीसारख्या हसलात, पोटापासून गळ्यापर्यंत बोट नेलंत. "राग आला होता ना वो. इथून निंगाला, इथलोक चढला. मी नुसती पाहून राहिली होती त्याच्याकडे. मंग तो उतरला. मले मोठी मजा आली."

त्यानंतर तुम्ही संत झालात असं मी म्हणणार नाही. लोक म्हणून राहिले आहेत तर म्हणू देत. जीभ तुमची तशीच होती. माझ्या पोळ्यांना शेवटपर्यंत तुम्ही पापड म्हणालात. पण बोलून झाल्यावर तुम्ही थांबायला लागलात, आणि कधी कधी तर बोलायच्या आधीच. वेचणीच्या बायांना उन्हात पाणी घेऊन स्वतः जायला लागलात. बीपीची गोळी अर्धी झाली. प्रज्ञाला तुम्ही एकदा म्हणालात, तुझ्या लहानपणी मी तुला फार मारलं, आणि ती पोर स्वयंपाकघरात तोंड लपवून रडली. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून सांगते. ध्यान म्हणजे काय ते मला तेव्हाही धड कळत नव्हतं, पण त्या ध्यानानंतर आपल्या घरात मोठ्याने बोलणं कमी झालं, एवढं मला कळत होतं.

मग तुम्ही मला धरलंत. सकाळी सहा ते सात, कापसाच्या खोलीत, कारण तिथे ढिगामुळे बाहेरचा आवाज कमी येतो. सुरुवातीला नुसता श्वास बघायचा. पुढे अधिष्ठान, म्हणजे तासभर हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. कापसाने नाकात खाज सुटायची, गुडघा बोंबलायचा, ते सगळं मी सहन केलं. डोळे मात्र मिटून राहायचे नाहीत. बाहेर काही पडलं की उघडले, कुत्रं भुंकलं की उघडले. काही नाही झालं तर काही का होत नाही म्हणून उघडले. चार वर्षांत एक तास मला अख्खा जमला नाही. तुम्हाला न बघताही कळायचं. "उघडले ना डोये, मास्तरीण?" डोळे मिटूनच विचारायचात.

तरी त्या फुटक्या तासांनीही मला काय दिलं ते तुम्हाला कधी तोंडाने सांगितलं नाही. भेव आलं की पोटात बेंबीच्या वर एक गोळा येतो, हे मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. मी फक्त पळत होते. तो गोळा येतो, वर सरकतो, आणि त्याला छेडलं नाही तर आपोआप विरतो, हे मी तुमच्या बाजूला बसून शिकले. शेहेचाळीसाव्या वर्षी स्कूटी शिकले. शाळेच्या वाटेवर ती तीन कुत्री असतात, त्यांच्यासमोरून रोज गेले. विजा कडाडत असताना मुलांना घेऊन वर्गात बसले आणि माझा आवाज कापला नाही. लोक म्हणायचे, छायाबाई किती बदलली. मी म्हणायचे, वयानुसार होतं. तुमचं नाव घेतलं नाही, बाई. जाऊचं नाव घ्यायला जीभ जड होते, दुसरं काय.

आणि ते वानराचं भांडण आपलं तसंच राहून गेलं. आपण बसलो असताना वानर स्वयंपाकघरात शिरलं, डबा पडल्याचा आवाज आला, मी ओरडत धावले. तुम्ही तास पूर्ण करूनच बाहेर आलात आणि म्हणालात, "वानरानं चार पोया खाल्ल्या. अन् तुवा तास तूच खाल्ला." मी चिडले.

"अन् समजा वानर नसतं, घरातल्या मानसाले काही झालं असतं तं?"

"मानसाले काही झालं तं उठाच लागते. हे काय शिकवाची गोष्ट हाये का वो, मास्तरीण?"

"पन समजन कसं? डोये तं बंद!"

तुम्ही बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात बाहेरून वेचणीच्या बायांनी हाक मारली आणि तुम्ही चप्पल घालून निघून गेलात. नंतर मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "बसता बसता समजते." हे काही उत्तर झालं का? तेव्हाही मला पटलं नव्हतं. आता तर रोज सकाळी उठल्याबरोबर तोच प्रश्न डोक्यात येतो आणि विचारायला कोणी नाही.

त्या दिवशी थंडी होती. तुम्ही खांदा चोळत खोलीत आलात. "वेचनीनं अवघडला," म्हणालात. मी बाम देऊ का विचारलं, तुम्ही हाताने नको म्हणालात आणि बसलात. मीही बसले. बराच वेळ गेला, गाडीचा हॉर्न झाला, आणि मग तो आवाज आला. माझ्या पोटात एकदम गोळा उठला. भेव म्हणालं, डोळे उघड. पण बाई, माझं भेव रोजच म्हणायचं डोळे उघड. चार वर्षं ते सांगत होतं आणि चार वर्षं मी उघडून बघत होते, आणि तुम्ही बाजूला जशाच्या तशा बसलेल्या असायचात. म्हणून मी त्या दिवशी तुम्ही शिकवलं तसं केलं. गोळ्याकडे पाहिलं. तो छातीपर्यंत चढला, थरथरला, आणि हळूहळू विरून गेला. मला इतका आनंद झाला की विचारू नका. पुढची वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत शांत वीस मिनिटं होती. हे लिहायची लाज वाटते, पण ते खरं आहे.

तास संपल्याची मोबाइलची घंटी वाजली. डोळे उघडायच्या आधीच मी म्हणाले, "बाई, आज जमलं वो!"

तुम्ही कापसाच्या ढिगाला टेकला होतात. मान एका बाजूला. मला हसू आलं. म्हटलं, "तुम्हीच झोपल्या का जी?" आणि हात लावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "बहुत देर हो गई." किती देर, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. दुपारी प्रज्ञा पांढुर्ण्याहून आली, तुमच्या पायाशी बसली आणि तिने सगळ्यांत आधी मलाच विचारलं, "काकू, आईनं आवाज नाही देल्ला का?"

"नाही बेटा. शांत गेली."

हे 'शांत गेली' मी बोललेलं. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं, तिसऱ्या दिवशी जामसांवळीच्या वाटेवरचे तुमचे ओळखीचे लोकही तेच बोलत आले. फुलं त्याचीच आहेत, बाई. माझ्या खोट्याची. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे पंचशील म्हणत होते आणि खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. बाजूच्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तेव्हापासून मला डोळे मिटायची भीती वाटते. हसू नका. आंघोळ करताना तोंडाला साबण लावते तेही डोळे उघडे ठेवून, मग दिवसभर चुरचुरतात. डोळे मिटले की तो आवाज येतो. ह्यांचा दुपारी जरा डोळा लागला तर मी त्यांच्या नाकासमोर हात धरून बघते. परवा ते दचकून उठले आणि ओरडले, "मारतेस का काय मले?" शाळेत एक मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपली होती, तिला मी इतक्या जोरात हलवलं की ती रडली. हे म्हणतात, "तू थोडं बसत जाय ना खोलीत. बाईच्यानं तुले किती बरं वाटे." त्यांना काय सांगू? आता मला कळत नाही कोणत्या भेवाकडे नुसतं पाहायचं आणि कोणतं ऐकायचं. जन्मभर माझं भेव खोटं निघालं. एकदाच खरं होतं, आणि त्याच दिवशी मी त्याला गप्प बसवायला शिकले. कधी वाटतं, हे तुमचं ध्यानच वाईट. शिकवलं नसतंत तर मी भित्रीच राहिले असते आणि डोळे उघडले असते. असं मनात आलं की लगेच लाज वाटते, कारण त्याच ध्यानामुळे मी माणसांत आले. दोन्ही खरं आहे. तुमच्यावर मी रागावले आहे, बाई, आणि तुमच्याशिवाय मला करमत नाही.

मागच्या आठवड्यात विहारातल्या बाया ठरवून आल्या. दर रविवारी त्या खोलीत सामूहिक ध्यान करायचं, आणि पहिल्या रविवारी शेवंताबाईच्या शेवटच्या तासाबद्दल छायाने दोन शब्द बोलायचे. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण कुठून आणू? एक खोटं मी घाबरून बोलले होते. आता तेच पंचवीस बायांसमोर ठरवून बोलायचं होतं, आणि समोर तुमची लेक बसलेली असणार होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर पांढुर्ण्याची बस धरली. प्रज्ञाची ड्यूटी संपली होती. दवाखान्याच्या मागे निंबाखाली बाक आहे, तिथे बसून मी तिला सांगितलं. हॉर्न, आवाज, वीस मिनिटं, आणि मला झालेला आनंदही. तोही लपवला नाही.

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "वीस मिनिटं?"

"हाव."

"अन् तू मले म्हनली, शांत गेली."

मग ज्या प्रश्नाला इतके दिवस घाबरत होते तो माझ्या तोंडून निघालाच. "वाचली असती का, प्रज्ञा?"

"वाचलीबी असती. नसतीबी वाचली. खोटं मले सांगाचं नाही काकू, अन् खरं मले मालूम नाही." ती उठली, पर्स खांद्याला लावली. "जाय तू. गाडी चुकन."

ती घरी चल म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये मला वाटलं, तुमच्या घरातलं शेवटचं माणूसही मी गमावलं.

शनिवारी तिचा काही निरोप नाही. रविवारी सकाळी बाया यायच्या आधीच फाटक वाजलं आणि प्रज्ञा आत आली. माझ्याकडे न बघता दारातच उभी राहिली आणि एकेक बाई आली तशी तिने परत पाठवली. "आज बसनं होत नाही मावशी. काकूची तब्येत बराबर नाही." मग आत येऊन माझा हात धरला आणि मला कापसाच्या खोलीत घेऊन गेली. माझे पाय दारात अडले. तिने ओढलं. फुलं तिने एका सुपात गोळा करून बाजूला ठेवली, गोधडी झटकली, आणि तुमच्या जागेवर स्वतः बसली. मला समोर बसवलं.

"कसा होता आवाज?"

"प्रज्ञा..."

"करून दाखव मले. मी नव्हती तिथं. तूच होती."

ज्या आवाजाला घाबरून मी डोळ्यांत साबण जाऊ दिला, तो माझ्याच घशातून काढायचा. गोळा वर चढला आणि ह्या वेळी विरला नाही, तिथेच बसून राहिला. तो तसाच असताना मी तोंड उघडलं. छोटासाच होता, बाई. नुसता "हं?" शेवटाला जरा वर गेलेला, बाहेरून कोणी हाक मारल्यावर आतून म्हणावा तसा.

प्रज्ञा हळूच म्हणाली, "अशीच फोन उचले आई. हॅलो नाही, काही नाही. दहा वर्षं रोज संध्याकाळी ड्यूटी संपली का मी फोन लावो, अन् तिकून हेच येऊन राहे."

तिने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. "आखीन एकदा कर," एवढंच म्हणाली. मी केला. तिने डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले, आणि म्हणाली, आखीन एकदा. मी तिच्या छातीकडे, श्वासाकडे डोळे लावून होते, आणि तसंच बघत पुन्हा म्हटलं, "हं?"

"आई," ती म्हणाली, "मी बोलून राहिली."